रोव्हर ‘फ्लोट’ झाला? आधी घड्याळ बघा

हिवाळ्यातली दुपार. आभाळ निरभ्र. इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला एका शेताचे सीमांकन चालले आहे. रोव्हरच्या, म्हणजे मोजणीच्या फिरत्या जीपीएस यंत्राच्या, पडद्यावर वीस-बावीस उपग्रह दिसताहेत, मोबाइलचे नेट चालू आहे, तरीही ‘फिक्स’ (पक्के स्थान) जातो आणि ‘फ्लोट’ (अंदाजी स्थान) येतो. दीड-दोन सेंटीमीटरची अचूकता बघता बघता अर्ध्या मीटरवर घसरते. पटवाऱ्याला पुढच्या गावाची घाई असते, शेजारचा शेतकरी आधीच साशंक असतो आणि मोजणी करणारा यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो. पंधरा-वीस मिनिटांनी ‘फिक्स’ परत येतो आणि सगळे श्रेय ‘रीस्टार्ट’ला मिळते.

दोष बॅटरीचा, सिमचा, अँटेनाच्या वायरीचा किंवा बांधावरच्या कडुनिंबाचा असू शकतो. पण कधी कधी यांतले काहीच बिघडलेले नसते. आपल्या डोक्यावर अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरून, आयनांबरातून, एक लाट चाललेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, तिचा आवाज येत नाही, पण उपग्रहाकडून येणारा प्रत्येक संदेश तिच्यातून वाट काढत येतो. अशी लाट थोपवता येत नाही. ती ओळखता मात्र येते, आणि ओळखली की थांबायचे, बेस (ज्ञात जागेवर ठेवलेले दुसरे यंत्र) जवळ आणायचा की यंत्र दुरुस्तीला द्यायचे, हे ठरवता येते.

इंदूर आणि आसपासच्या मोजणीदारांना, ड्रोन उडवणाऱ्यांना, हॅम रेडिओवाल्यांना आणि गच्चीवर काही प्रयोग करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी माहिती इथे दिली आहे. मोबाइलवर नकाशा बघून गाडी चालवणाऱ्यांनी काळजी करू नये. ज्या चुकीबद्दल आपण बोलणार आहोत ती सेंटीमीटर-डेसिमीटरची आहे, रस्ता चुकण्याइतकी नाही.

लाट येते कुठून?

साधारण ६० किलोमीटरपासून सुमारे १,००० किलोमीटरपर्यंतच्या विरळ हवेवर सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणे पडतात. अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या विद्युतभारित थरांना आपण आयनांबर म्हणतो. सर्वांत दाट भाग साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर असतो, त्याला ‘एफ’ थर म्हणतात. शॉर्टवेव्हचे संदेश हा थर परतवतो. जीपीएसचे संदेश त्यातून आरपार येतात, पण थोडे उशिरा.

आता खालची बाजू. वादळी ढग उसळतात, वारा डोंगरांवर आदळतो, सूर्योदयाबरोबर उजेड-अंधाराची रेषा वातावरणावरून सरकते, ध्रुवांकडच्या हवेला चुंबकीय वादळात एकाएकी ऊब मिळते. यातल्या कशानेही हवेचा एखादा भाग वर ढकलला गेला की तो पुन्हा खाली येतो, खाली आला की उसळतो आणि हा हेलकावा लाटेच्या रूपाने वर आणि बाजूला पसरू लागतो. उंचीबरोबर हवा विरळ होत जाते, म्हणून तेवढ्याच ऊर्जेत हेलकावा मोठा होतो. आसूडाची मूठ हलकेच हलवली तरी टोक सणकन फिरते, तसेच हे. एफ थरापर्यंत पोहोचलेली लाट तिथल्या आयनांना पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून वर-खाली सरकवते. परिणामी इलेक्ट्रॉनांची दाटी कुठे वाढते, कुठे कमी होते, आणि हा दाट-विरळ पट्ट्यांचा नक्षा शेकडो किलोमीटर पुढे सरकत राहतो. ऑस्ट्रेलियात मन्रो यांनी असे सरकते विक्षोभ १९४० च्या दशकातच टिपले होते. त्यांची वातावरणातल्या लाटांशी पक्की सांगड १९६० मध्ये कॉलिन हाइन्स यांनी घातली.

कामापुरते दोन प्रकार लक्षात ठेवावेत. मध्यम लाटा: शिखरापासून शिखरापर्यंत शंभर ते काही शे किलोमीटर, एक हेलकावा १५ ते ६० मिनिटांचा, वेग सेकंदाला साधारण १०० ते २५० मीटर. या रोजच्या व्यवहारातल्या. मोठ्या लाटा: लांबी हजार किलोमीटरहून अधिक, हेलकावा अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत, वेग सेकंदाला ४०० ते १,००० मीटर. या बहुधा चुंबकीय वादळात ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे येतात.

कधी एखादे निमित्त फार दूरचे असते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळच्या समुद्रात हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याच्या दाबलाटेने पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. आयनांबरातही तिच्या खुणा जगभर सापडल्या. तिथून इंदूर सरळ अंतराने सुमारे १२,७०० किलोमीटर. सेकंदाला ३१० मीटरच्या वेगाने अकरा-साडेअकरा तास होतात. स्फोट आपल्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास झाला, म्हणजे हिशेबाने ती लाट रात्री नऊच्या आसपास इंदूरवरून गेली.

इंदूरची जागा अवघड का?

पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणून तर १९६३ मध्ये पहिले अग्निबाण सोडायला थुंबा निवडले गेले. तिथे दिवसा विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र मिळून आयनांना वर उचलतात. ते आयन मग चुंबकीय रेषांवरून घरंगळत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतात. विषुववृत्तावर उपसा आणि दोन्ही बाजूंना ढीग, असा प्रकार. उत्तरेकडचा ढीग मध्य भारतावर पडतो आणि इंदूर त्याच्या माथ्याजवळ आहे. सूर्य जोरात असलेल्या वर्षी, मार्च-एप्रिलच्या दुपारी इथल्या आकाशातील इलेक्ट्रॉनांची दाटी देशातल्या सर्वाधिक दाटींपैकी असते.

ही दाटी ‘टीईसी’ एककात मोजतात. उपग्रह ते रिसीव्हर या वाटेवर एक चौरस मीटर छेदाचा स्तंभ घ्या. त्यात एकावर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन असले की ते झाले १ एकक. जीपीएसच्या एल१ या वारंवारतेवरच्या संदेशाला १ एककामागे सुमारे १६ सेंटीमीटरचा फरक पडतो. दुपारी हा आकडा शंभराच्या घरात गेला तर फरक सोळा मीटर. यातला बराचसा भाग यंत्रे आणि दुरुस्ती-सेवा काढून टाकतात. उरतो तो वेगाने बदलणारा भाग, आणि लाटा नेमक्या तिथेच घुसतात.

याच कारणाने सिमरोलच्या आयआयटी इंदूरमध्ये आयनांबराचा अभ्यास चालतो. तिथे इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राने दिलेला ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शक उपग्रह प्रणालीचा रिसीव्हर आहे. याच संस्थेतल्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या निरीक्षणांतून आयनांबराचे बारीक चढउतार मोजून दाखवले, ते काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. एका तबकडीवरच्या आणि दुसरीवरच्या आयनांबरात टीईसी एककाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका फरक असला तरी तो हाती लागतो. खगोलशास्त्रज्ञाला जो फरक पुसून टाकायचा असतो, तोच आयनांबराच्या अभ्यासकाचा माल असतो.

एक व्यावहारिक गोष्ट. आयनांबर भारतीय प्रमाणवेळेवर चालत नाही, सूर्यावर चालते. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, इंदूर ७५.८६ अंशांवर. म्हणजे इंदूरची दुपार सरासरीने १२ वाजून २७ मिनिटांनी होते. पुस्तकात ‘स्थानिक वेळ १४ ते १५’ असे लिहिले असेल, तर आपल्या घड्याळात अडीच ते साडेतीन समजावे.

दोष कुणाचा? चार प्रश्न

‘फिक्स’ सुटला की यंत्राला हात लावण्याआधी घड्याळ बघा, वेळ लिहा आणि हे चार प्रश्न विचारा.

पहिला: चढउतार सेकंदांत आहे की मिनिटांत? लाट सावकाश असते, बिघडायला आणि सुधारायला दहा-वीस मिनिटे घेते. संदेशाची ताकद सेकंदागणिक वर-खाली नाचत असेल, उपग्रह एकामागोमाग गळत असतील आणि वेळ सूर्यास्तानंतरची असेल, तर ते दुसरे प्रकरण आहे. संध्याकाळनंतर चुंबकीय विषुववृत्ताजवळ आयनांबरात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि वर चढता चढता आपल्यापर्यंत पसरतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्यांचे महिने. इंदूरच्या सराफ्यात सोन्याची दुकाने मिटून खाऊच्या गाड्या लागतात, साधारण त्या वेळी त्यांचा जोर असतो.

दुसरा: त्रास एकाच उपग्रहाला आहे की आकाशाच्या एका बाजूच्या सगळ्यांना? एकटाच उपग्रह बिघडला असेल तर झाड, भिंत, पत्र्याची शेड बघा. दक्षिणेकडचे तीन-चार उपग्रह एकत्र बिघडले आणि अर्ध्या तासाने डोक्यावरचे बिघडू लागले, तर काहीतरी सरकते आहे.

तिसरा: दुसऱ्या दिवशी चार मिनिटे आधी तेच घडते का? जीपीएस उपग्रहांची आकाशातली मांडणी २३ तास ५६ मिनिटांनी जवळपास तशीच परत येते. भिंतीवरून किंवा पत्र्यावरून परावर्तित झालेल्या संदेशांचा घोळ, ज्याला मोजणीवाले ‘मल्टीपाथ’ म्हणतात, तोही मग चार मिनिटे आधी हजर होतो. लाट असे वेळापत्रक पाळत नाही. पक्क्या बेस स्टेशनवर ही कसोटी फार उपयोगी पडते.

चौथा: रोव्हर बेसच्या जवळ नेला की सुधारतो का? बेसपासून शंभर मीटरवर लगेच ‘फिक्स’ मिळाला आणि पंचवीस किलोमीटरवर मिळत नाही, तर यंत्र ठीक आहे, दोन ठिकाणांवरचे आयनांबर वेगळे आहे. बेसशेजारीही मिळत नसेल, तर आकाशाला दोष देऊ नका, वायर तपासा.

मोजणीदार आणि ड्रोनवाल्यांसाठी

बेस आणि रोव्हर जवळ असले की दोघांच्या वरचे आयनांबर जवळपास एकच असते आणि वजाबाकीत चूक निघून जाते. बेसच्या मदतीने जागेवरच दुरुस्ती करणाऱ्या आरटीके पद्धतीची सारी भिस्त या वजाबाकीवर. लाट ती कशी बिघडवते याचा हिशेब मांडू. लाटेची लांबी २०० किलोमीटर धरा आणि उंची १ टीईसी एकक. तिच्या सर्वांत तीव्र उतारावर दर किलोमीटरला सुमारे ०.०३ एककाचा फरक पडतो, म्हणजे एल१ वर अर्धा सेंटीमीटर. बेस दोन किलोमीटरवर असेल तर फरक १ सेंटीमीटर, पाच किलोमीटरवर अडीच, तीस किलोमीटरवर १५ सेंटीमीटर. एल१ च्या लहरीची लांबीच १९ सेंटीमीटर आहे. यंत्राला ‘पूर्ण लहरी किती’ हे ठरवायचे असते, आणि पाऊण लहरीचा घोळ असताना ते ठरत नाही. ‘फ्लोट’ होतो तो इथे. त्याहून वाईट म्हणजे चुकीचा आकडा पक्का धरला जातो आणि पडद्यावर ‘फिक्स’च दिसत राहतो.

तेव्हा काही सवयी लावून घ्याव्यात.

महत्त्वाच्या सीमेसाठी बेस दूर ठेवू नका. इंदूरमधल्या ऑफिसच्या गच्चीवर बेस आणि काम देवास किंवा उज्जैनकडे, असे करण्यापेक्षा गावातच ज्ञात बिंदूवर बेस मांडा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम चालू असलेल्या स्थानकांच्या ‘कॉर्स’ जाळ्यातून दुरुस्ती घेत असाल तर आसपासच्या अनेक स्थानकांवरून काढलेली दुरुस्ती निवडा, एकाच दूरच्या स्थानकाची नको. मात्र जाळे दोन स्थानकांच्या मधला बदल सरळ रेषेत धरते. मध्येच लाटेचे शिखर असेल तर जाळेही चुकते. म्हणून पुढची सवय लागतेच.

ज्ञात बिंदू तपासल्याशिवाय काम सुरू करू नका आणि संपवू नका. वादाचा खांब असेल तर तो दोनदा मोजा, दोन मोजणींत वीस ते तीस मिनिटे अंतर ठेवा. चाळीस मिनिटांच्या लाटेत वीस मिनिटांनी चूक उलट्या बाजूला जाते, त्यामुळे फरक उघडा पडतो. लागोपाठ दहा वेळा मोजून सरासरी काढली तर दहाही मोजण्या लाटेच्या एकाच उतारावर होतात आणि चूक सरासरीत जशीच्या तशी राहते.

नियंत्रण बिंदू मांडताना यंत्र एका जागी निदान दीड-दोन तास चालू ठेवा, म्हणजे पूर्ण लाट डोक्यावरून जाते. क्षितिजालगतचे उपग्रह वगळा, १५ अंशांखालचे तर नकोच. त्यांचा संदेश आयनांबरातून तिरका येतो आणि डोक्यावरच्या उपग्रहाच्या दुप्पट-तिप्पट इलेक्ट्रॉन पार करतो. रिसीव्हरला दोन किंवा तीन वारंवारता घेता येत असतील तर त्या चालू आहेत ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा. पुष्कळदा त्या बंदच असतात.

ड्रोनवाल्यांनी एक धोका वेगळा लक्षात घ्यावा. एक उड्डाण साधारण वीस-पंचवीस मिनिटांचे, म्हणजे बहुतेक लाटांच्या अर्ध्या हेलकाव्याएवढे. बेस दूर असेल तर चूक फोटो-फोटोत विखुरत नाही, सगळा नकाशाच एका बाजूला सरकतो. नकाशा आतून अगदी सुसंगत दिसतो आणि म्हणूनच शंका येत नाही. जमिनीवरच्या चार-पाच तपासबिंदूंशिवाय हे कळायचे नाही. ‘पीपीके (उड्डाणानंतरची दुरुस्ती) आहे, बिंदू कशाला?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. कच्चा डेटा मात्र नेहमी साठवा. नंतर जवळच्या स्थानकाशी जोडून तो पुन्हा सोडवता येतो.

गच्चीवरून लाट पाहायची असेल तर

दोन वारंवारता घेणारा रिसीव्हर, आकाश मोकळे असलेली गच्ची आणि आरटीकेलिबसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर विद्यार्थ्याला लाट पकडता येते. अँड्रॉइड फोनवरही सुरुवात करता येईल. फोन एल१ आणि एल५ दोन्ही घेणारा हवा आणि डेव्हलपर ऑप्शनमधला उपग्रह-मापने अखंड घेण्याचा पर्याय चालू करायला हवा, नाहीतर फोन बॅटरी वाचवायला मध्ये मध्ये रिसीव्हर झोपवतो आणि मापन तुटते. फोनची अँटेना कामचलाऊ असते, म्हणून त्याच्याकडून नुसत्या ओळखीपुरती अपेक्षा ठेवा.

कृती अशी. दर ३० सेकंदांनी मापन, किमान चार तास. प्रत्येक उपग्रहाच्या दोन वारंवारतांवरच्या फेजचे अंतर मीटरमध्ये काढा आणि वजा करा. एल१ आणि एल२ च्या वजाबाकीत १०.५ सेंटीमीटरचा बदल म्हणजे १ टीईसी एकक. एल१ आणि एल५ असतील तर १२.९ सेंटीमीटर. उपग्रह चढतो-उतरतो त्यामुळे आलेखाला मोठा बाक येतो. एका तासाची सरकती सरासरी वजा केली की बाक जातो आणि हेलकावे उरतात. ०.२ एककाहून लहान काही दिसले तर सोडून द्या, ते भिंतीचे परावर्तन असू शकते. त्याहून मोठा, १५ ते ६० मिनिटांचा हेलकावा दोन-तीन उपग्रहांवर थोड्या थोड्या वेळाने दिसला की समजा सापडली.

ती कुठे सापडली, हे मजेशीर आहे. रिसीव्हर इंदूरला असला तरी तो मोजतो तिरक्या रेषेवरचे आयनांबर. थराची उंची ३५० किलोमीटर धरली तर बरोबर दक्षिणेला ६० अंशांवर असलेल्या उपग्रहाची रेषा हा थर सुमारे १९० किलोमीटर दूर, जळगावच्या जवळपास भेदते. तोच उपग्रह ३० अंशांवर उतरला की छेदबिंदू ५४० किलोमीटर दूर, सोलापूरच्या उत्तरेला जातो. म्हणजे असे दोन उपग्रह मिळाले की इंदूरच्या गच्चीवर बसून खानदेशावरचे आणि सोलापूरवरचे आकाश एकाच वेळी चाचपता येते. दोन्हींतले अंतर साधारण ३५० किलोमीटर. लाट दक्षिणेकडे सेकंदाला १५० मीटरने चालली असेल तर जळगाववर दिसलेले शिखर चाळीसेक मिनिटांनी सोलापूरकडे दिसायला हवे.

इथे एक खोच आहे. जीपीएसचा उपग्रह हलतो, त्यामुळे छेदबिंदूही सेकंदाला पन्नास-शंभर मीटर सरकतो, जवळपास लाटेच्याच वेगाने. लाटेबरोबर चालणाऱ्याला लाट लांबलेली वाटते, समोरून येणाऱ्याला आखूड. म्हणून एका उपग्रहावरून वेग काढू नका, तीन-चार घ्या. ज्यांना ‘नाविक’च्या भूस्थिर उपग्रहाच्या दोन वारंवारता मिळतात त्यांचे काम सोपे. ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या भूस्थिर उपग्रहाकडे इंदूरहून पाहिले तर रेषा बऱ्हाणपूरजवळ थर भेदते आणि दिवसभर तिथेच राहते. लाट तिच्याखालून आपसूक सरकते.

गच्चीवर अँटेना बांधताना विजेच्या तारांपासून दूर राहा आणि मालव्यात गडगडाट सुरू झाला की वायर काढून ठेवा. लाट पुन्हा येईल.

रेडिओवाल्यांसाठी

महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमुळे या परिसराला रेडिओची सवय जुनी आहे. हॅमना ‘क्यूएसबी’, म्हणजे आवाज वर-खाली होणे, रोजचेच. पण काही सेकंदांचा चढउतार वेगळा आणि वीस-तीस मिनिटांचा वेगळा. पहिला अनेक वाटांनी आलेल्या लहरींच्या भांडणाचा असतो. दुसऱ्यात बहुधा लाटेचा हात असतो. तिचा खोलगट भाग परावर्तक आरशासारखा लहरी एका जागी गोळा करतो आणि उंचवटा त्या पांगवतो.

ऐकताना मध्यबिंदूचा नियम लक्षात ठेवा. पुण्याचा हॅम सकाळी ७ मेगाहर्ट्झवर इंदूरला ऐकू येतो तेव्हा त्याची लहर साधारण मध्यावर, धुळे-चाळीसगाव भागावर परतलेली असते. त्याचा आवाज अर्ध्या तासाच्या लयीत झुलत असेल तर लाट इंदूरवर नाही, खानदेशावर आहे. लांबचे आकाश हवे असेल तर चीनच्या बीपीएम या वेळ-प्रक्षेपण केंद्राचा १० मेगाहर्ट्झचा संदेश पकडा. एका झेपेत आला तर तो ल्हासाच्या आसपासच्या आकाशातून परततो.

आवाजापेक्षा वारंवारता जास्त खरे सांगते. परावर्तक थर सेकंदाला २० मीटर वर-खाली होत असेल तर ७ मेगाहर्ट्झच्या उभ्या जाणाऱ्या लहरीत जवळजवळ १ हर्ट्झचा फरक पडतो. शॉर्टवेव्ह घेणारा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) संगणकाला जोडून वॉटरफॉल (वारंवारतेचा सरकता आलेख) खूप विस्तारला की ही रेघ सापासारखी वळताना दिसते. रिसीव्हर तासभर आधी चालू करून तापू द्या, नाहीतर त्याच्या स्फटिकाचे सरकणेच लाट म्हणून नोंदवाल. सतत एकाच दिशेने सरकणारी रेघ यंत्राची, जाऊन परत येणारी रेघ आकाशाची. ऐकण्यापासून सुरुवात करा. प्रक्षेपण करायचे तर परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो.

कधी सावध राहायचे, कधी पाहायला बसायचे

दिवसाच्या मध्यम लाटा हिवाळ्यात जास्त दिसतात, म्हणजे मोजणीच्या ऐन हंगामात. रात्रीच्या लाटा उन्हाळ्यात, विशेषतः सूर्य शांत असलेल्या वर्षांत ठळक होतात. त्यांचे पट्टे वायव्य-आग्नेय पसरलेले असतात आणि नैऋत्येकडे सरकतात. पावसाळ्यात मोठे ढग उसळतात तेव्हा त्यांच्याकडूनही लाटा उठतात.

चुंबकीय वादळाचा दिवस वेगळाच धरावा. १० आणि ११ मे २०२४ च्या महावादळात लडाखमधल्या हानलेहून तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर उभे करावे लागले. आपल्याकडे अशा वादळांची नवलाई नाही. सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने केली होती आणि आजही अभ्यासक ती उघडतात. ध्रुवांकडून निघालेली मोठी लाट सेकंदाला ६०० मीटरने आली तर इंदूरला पोहोचायला साधारण अडीच तास लागतात. तेवढी सूचना मिळते. अंतराळ-हवामानाच्या संकेतस्थळांवर चुंबकीय अस्वस्थता दाखवणारा केपी निर्देशांक आणि जी१ ते जी५ अशी वादळाची श्रेणी दिलेली असते. जी३ किंवा वरचा इशारा असेल तर वादाचे सीमांकन आणि महत्त्वाचे ड्रोन उड्डाण एक-दोन दिवस पुढे ढकला. अर्जदाराला कारण सांगा, लेखी द्या. नंतर चुकीची हद्द दुरुस्त करण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

निरीक्षकांनी २ ऑगस्ट २०२७ ची दुपार राखून ठेवावी. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावरून जाईल, आपल्याकडे ते खंडग्रास असेल. सावलीत हवा गार होते आणि त्या धक्क्याने लाटा उठतात. अमेरिकेतल्या २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणात त्या स्पष्ट टिपल्या गेल्या. पावसाळी ढगांमुळे इंदूरला सूर्य दिसला नाही तरी बिघडत नाही. उपग्रहाचे संदेश ढगांतून येतात. मापन आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी घ्या, नाहीतर रोजचे काय आणि ग्रहणाचे काय हे सांगता येणार नाही.

शेवटी, एक वही ठेवा. रकाने थोडेच: तारीख, भारतीय प्रमाणवेळ, जागा, बेसचे अंतर, ‘फिक्स’ कधी गेला आणि कधी आला, कोणत्या दिशेचे उपग्रह बिघडले, त्या दिवसाचा केपी. रीस्टार्ट केले असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. एका हंगामाच्या नोंदी झाल्या की कोणत्या तासांत दूरचे बेस टाळायचे आणि कोणता रिसीव्हर खरोखर दुरुस्तीला पाठवायचा, हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.